हाड मोडून झालंय, आता सहा महिने थांबून बघू का?

विचारणाऱ्या ताईंचं वय ६४. निवृत्त शिक्षिका, राहणार रत्नागिरीजवळ. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला, हात टेकवायला गेल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात चालू लागला. मग मुलीने हट्टाने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करवली: खुब्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे ते सांगणारा आकडा) उणे २.६, कमरेच्या मणक्यांचा उणे ३.१. डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणावरची, आठवड्याला एक ॲलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली. पण ‘जबड्याचं हाड सडतं’ असं कुठेतरी वाचलं आणि पाकीट कपाटातच राहिलं. त्या विचारतात, नाचणी, तीळ, कांडवेल, सकाळचं कोवळं ऊन आणि योगासनं असं सहा महिने करून पुन्हा डेक्सा करू का? नाहीच सुधारलं तर गोळी आहेच. शिवाय पुण्याच्या धाकट्या बहिणीचा प्रश्न आहे. वय ५५, टी-स्कोअर उणे १.७, हाड कधी मोडलेलं नाही. तिला दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय.

ताई, मी तीस वर्षं हाडांचा डॉक्टर आहे. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. तुम्ही गोळी सुरू करा. बहिणीने इंजेक्शन घेण्याची घाई करू नये. आणि नाचणी, ऊन, व्यायाम दोघींनीही करा, फक्त तुम्ही लिहिलंय तसा नको. त्यात एक-दोन गोष्टी तुम्हाला सरळ अपाय करतील अशा आहेत.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टी-स्कोअरचं नाही, शेवाळाचं आहे. चालता चालता, उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, म्हणजे हाड ठिसूळ झालंय हे हाडाने स्वतःच सांगितलं. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाड ठिसूळ, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. ती सोयीची रेघ आहे, पण हाड काही रेघ बघून मोडत नाही. एकदा असं हाड मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका वाढतो, आणि तो पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. तुम्ही जे सहा महिने ‘बघू’ म्हणताय ते नेमके त्या दोन वर्षांतले आहेत.

साठीच्या आसपास मनगट, सत्तरीत मणका, मग खुबा, हा क्रम माझ्या ओपीडीत इतक्यांदा पाहिलाय की आता मनगटाचा एक्स-रे हातात आला की मी आधी बाईंचं वय बघतो. सुरुवातीच्या दहा वर्षांत नव्हतो बघत. प्लास्टर घालायचं, सहा आठवड्यांनी काढायचं, बोटं हलवायला सांगायचं, झालं. त्यातल्या काही जणी काही वर्षांनी स्ट्रेचरवरून परत आल्या, खुबा मोडून. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण पाचातलं एक माणूस वर्षभरात जातं. उरलेल्यांतले कितीतरी पुन्हा आधाराशिवाय मोरीपर्यंत जाऊ शकत नाहीत. गोळी न घेण्याचा धोका मोजायचा तर तो हा.

आता सहा महिन्यांच्या प्रयोगाबद्दल. पहिली अडचण यंत्राची. आज डेक्सा केली आणि उद्या पुन्हा त्याच यंत्रावर केली तरी दोन-तीन टक्के इकडे-तिकडे येऊ शकतं. टेबलावर पाय जरा वेगळा वळला तरी खुब्याचा आकडा बदलतो. सहा महिन्यांत हाडात होणारा बदल बहुतेक वेळा त्याहून लहान असतो. म्हणजे आकडा उणे २.६ वरून उणे २.५ झाला तर तुम्ही पेढे वाटाल, उणे २.७ झाला तर रडाल, आणि खरं दोन्ही वेळा काहीच कळलेलं नसेल. म्हणूनच आम्ही एक-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी सांगतो. मणक्याच्या आकड्याबद्दल आणखी सावध राहा. वयाबरोबर मणक्यांना जी झीज होऊन हाडाचे कोंब फुटतात, ते यंत्राला घट्ट हाड वाटतात आणि स्कोअर उगाच चांगला दिसतो.

दुसरं असं, की तुम्हाला करायचाय तो प्रयोग करून झालेला आहे. ॲलेंड्रोनेटची मोठी चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. मणका आधीच दबलेल्या २,०२७ बायका, दोन गट. एका गटाला गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आणि ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी पडत होतं अशा सगळ्यांना, दोन्ही गटांत, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं होतं. तीन वर्षांनी नुसत्या कॅल्शियमवाल्या शंभरातल्या १५ जणींचा नवा मणका दबला होता, गोळीवाल्या शंभरातल्या ८ जणींचा. खुबा शंभरात साधारण दोघींचा मोडला, गोळीवाल्यांत एकीचा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडची चाचणी २००७ ची. तिथेही सगळ्यांना कॅल्शियम आणि ड होतंच. तरी नवे मणके शंभरात ११ विरुद्ध ३. औषधाचा फायदा म्हणून आम्ही जो सांगतो तो पोषणाच्या वर मिळालेला फायदा असतो.

खुब्याचा दोनावरून एक हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, हे मला मान्य आहे. कुणी ‘एवढ्यासाठी शंभर बायकांनी गोळी खायची?’ असं विचारलं तर मी रागावत नाही. तीस वर्षांच्या मुलीला, किंवा तुमच्या बहिणीला, मीही तेच म्हणेन. पण मणका, खुबा, मनगट सगळं एकत्र धरा, तुमचं मोडलेलं हाड त्यात मिळवा, आणि मग बघा.

हे असं का होतं? हाड ही जिवंत वस्तू आहे. काही पेशी जुनं हाड खोदतात, काही नवं भरतात. पाळी जाईपर्यंत दोघांचा मेळ असतो. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं, की आपल्या नगरपालिकेच्या रस्त्यासारखं होतं: खोदणारे रोज हजर, बुजवणारे उद्या येतो म्हणून गेलेले. कॅल्शियम म्हणजे कडेला आणून टाकलेली खडी. खडी लागतेच, पण खडीचा ढीग वाढवला म्हणून खोदकाम थांबत नाही. ॲलेंड्रोनेट खोदणाऱ्यांना आवरतं. २००६ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत ३६ हजारांवर बायकांना नुसतं कॅल्शियम आणि थोडं ड देऊन सात वर्षं पाहिलं. खुब्याचे फ्रॅक्चर ठळकपणे कमी झाले नाहीत, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

जबड्याकडे येऊ. भीती पूर्ण खोटी नाही. दात काढल्यावर जबड्याची जखम न भरणं, हाड उघडं पडणं, हे या औषधांनी होऊ शकतं. पण तुम्ही वाचलेल्या बहुतेक कहाण्या कॅन्सरच्या रुग्णांच्या असतात. त्यांना याच जातीचं औषध दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात, वर्षाला कितीतरी पट. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये हे दहा हजारांत वर्षाला एखाद्या माणसाला होतं, त्याहूनही कमी. तरी एक करा. गोळी सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि काढायचा दात असेल तो आत्ताच काढून घ्या. दाढेची मुळं हलताहेत आणि ‘बघू पुढे’ चाललंय, असं असेल तर ते पुढे ढकलू नका. आणि मिश्री लावत असाल तर सोडा, दातांसाठीही आणि हाडांसाठीही.

जबड्यापेक्षा मी मांडीकडे जास्त लक्ष ठेवतो. बरीच वर्षं गोळी घेतलेल्या काही थोड्या बायकांत मांडीचं हाड मधोमध, फारसं न पडता, आडवं मोडतं. आधी काही आठवडे जांघेत किंवा मांडीत बोथट दुखत असतं, आणि बाई ‘वातामुळे’ म्हणून तेल चोळत बसते. तुम्ही तेल चोळू नका, एक्स-रे काढा, दोन्ही मांड्यांचा. हा धोका वर्षांबरोबर वाढतो, म्हणून पाच वर्षांनी आम्ही थांबून हिशेब करतो. खुबा सावरलेला आणि मधे काही मोडलेलं नसेल तर गोळीला सुट्टी. औषध हाडात मुरलेलं असतं, त्यामुळे परिणाम लगेच जात नाही. तेव्हा ‘एकदा धरलं की जन्माचं’ हेही खरं नाही.

गोळी घेण्याची रीत मात्र कडक आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. दूध नाही, बाटलीतलं क्षारयुक्त मिनरल वॉटर नाही. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. कॅल्शियमची गोळी तर त्या सकाळी जवळ फिरकूच द्यायची नाही. माझ्याकडच्या एक आजी वर्षभर ही गोळी कपभर दुधाबरोबर घेत होत्या, ‘ताकदीची आहे ना’ म्हणून. दुधातल्या कॅल्शियमने ती पोटातच बांधून टाकली आणि आजींच्या हाडापर्यंत काही पोचलं नाही. दुसऱ्या एकींनी गुरुवार धरलाय, तसाही उपास असतो, गोळी घेऊन अर्धा तास पोथी वाचत बसतात. वार लक्षात राहतो हे मोठं काम. अन्ननलिकेचा त्रास असेल, किंवा अर्धा तास ताठ बसवत नसेल, तर वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक ॲसिड विचारा. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंग मोडून येतं, विशेषतः पहिल्या वेळी. पॅरासिटामॉलने जातं. दोन्हींच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायला हवं. ड फार कमी असताना, विशेषतः इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं.

त्याच रक्तात थायरॉइडही बघून घ्या. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त चालू असेल तर हाड झिजतं. वर्षानुवर्षं रोज ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड, चाळिशीच्या आत पिशवी काढताना अंडाशयंही काढलेली, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. गुडघेदुखीवर कुणा वैदूच्या पुड्या घेतल्या असतील तर तेही. दोन दिवसांत गुडघे नाचायला लागतात अशा कितीतरी पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडतं. आणि पाठीचा एक्स-रे काढा. मणका पुष्कळदा न बोलता दबतो. पूर्वी हाताला येणारा मांडणीवरचा डबा आता येत नाही, साडी जमिनीला लागायला लागली, असं असेल तर उंची मोजा. मणका दबलेला निघाला तर औषधाची निवडच बदलू शकते. मग भरणाऱ्या पेशींना कामाला लावणारं टेरिपॅराटाइड, पोटावर रोज घ्यायचं इंजेक्शन, आधी द्यावं का हा विचार होतो.

आता तुमची नाचणी. ती सोडू नका, फक्त हिशेब करा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, म्हणजे एका भाकरीत दोनशेच्या आत-बाहेर. कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. (‘चहात घेते की दूध’ हे दूध मोजायचं नाही.) वाटीभर दही, शेवग्याच्या पाल्याची भाजी, खात असाल तर काट्यासकट चावलेली कुरकुरीत मांदेली. तिळात आकडा प्रचंड दिसतो, पण चमचाभर तीळ म्हणजे दहा ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही. पालकाचंही तसंच. जेवणातून आठशे-नऊशे होत असेल तर जेवणाबरोबर पाचशेची एक गोळी पुरे. पाकिटावर १,२५० लिहिलेलं दिसेल. ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन, त्यात निखळ कॅल्शियम पाचशेच असतं.

जेवणाच्या ताकदीवर माझा विश्वास नाही असं समजू नका. ऑस्ट्रेलियात ६० वृद्धाश्रमांत एक प्रयोग झाला, २०२१ ला प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी दूध, दही, चीज वाढवलं, कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही. दोन वर्षांत तिथले फ्रॅक्चर एक तृतीयांशाने कमी झाले. पण ती माणसं आधी खरोखर कमी खात होती. आणि इथे आपल्या बायकांचं दुखणं कॅल्शियमपेक्षा प्रथिनांचं आहे असं मला वाटतं. रात्री ‘मला काय, दहीभात पुरतो’. स्नायू सुकतात, तोल जातो, माणूस पडतं. वाटीभर उसळ, अंडं, मासा, पनीर, काहीतरी दोन्ही जेवणांत असू द्या.

कोवळं ऊन छान वाटतं, ड जीवनसत्त्व त्यात जवळजवळ नसतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, साधारण अकरा ते दोन, हात उघडे, वीस-तीस मिनिटं. कोकणात पावसाचे चार महिने तेही नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाची पुडी: ६०,००० युनिटांची, आठवड्याला एक, आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला. एक बाई ती रोज एक घेत होत्या, महिनाभर. उलट्या, बद्धकोष्ठ, बरळणं. घरच्यांना वाटलं डोक्यात काही झालं. कॅल्शियम भलतंच चढलं होतं. जास्त ड म्हणजे जास्त मजबूत हाड असं नसतं. २०१० च्या एका चाचणीत वर्षाला एकदम पाच लाख युनिट दिलेल्या वृद्ध बायका उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

योगासनांचं सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. १९८४ चा एक छोटा पण विसरता न येणारा अभ्यास आहे. मणके ठिसूळ असलेल्या ५९ बायका. ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांचे मणके नव्याने दबले, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे. तेव्हा उणे ३.१ च्या मणक्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं खाली वाकून हात टेकवणं, बंद. झटका देऊन कंबर पिळणंही बंद. पालथं पडून छाती जराशी उचलणं, हलकं भुजंगासन, भिंतीला हात लावून ढकलणं, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, टाचा उचलणं, हे चालेल. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहा, कुकरची शिट्टी होईपर्यंत, मग दुसरा पाय. घरकामात वाकून केर काढू नका, उभ्याने काढायचा लांब दांड्याचा झाडू आणा. आणि सिलिंडर तुम्ही हलवायचा नाही.

नुसत्या चालण्याने मणक्याचं हाड फारसं वाढत नाही, वजन उचललं तर वाढतं. २०१८ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १०१ बायकांनी भाग घेतला. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेची घनता २.९ टक्के वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. नैसर्गिक म्हणता येईल असा हा सर्वांत दमदार उपाय. पण तो प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाला, मोबाइलवर बघून नाही. जवळ चांगला फिजिओथेरपिस्ट असेल तर गोळीबरोबर हे जरूर सुरू करा.

कांडवेलीबद्दल: आयुर्वेदात ती अस्थिसंहारी म्हणून मोडलेल्या हाडाला सांगितलेली आहे. उंदरांवरचे अभ्यास आशादायक आहेत, माणसांवरचे छोटे आहेत, आणि तिने पुढचं फ्रॅक्चर टळतं असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायची तर घ्या, माझी हरकत नाही. कच्ची चावू नका, घशाला खाजते. गोळीच्या जागी घेऊ नका. आणि अंगणातलं शेवाळ आधी खरवडून घ्या, ब्लीचिंग पावडर टाका. मोरीत घसरणीची चप्पल, रात्री उठताना अंधार, झोपेची गोळी, पिकलेला मोतीबिंदू, यांनी मोडलेले खुबे मी पुष्कळ पाहिलेत.

बहिणीचं वेगळं. उणे १.७ म्हणजे हाड थोडं विरळ, पंचावन्नाव्या वर्षी हे पुष्कळ जणींना असतं. काही मोडलेलं नाही, स्टेरॉइड नाही, तर व्यायाम, जेवण, ड आणि दोन-तीन वर्षांनी डेक्सा. तुमच्या आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, हे मात्र दोघींनी आठवून बघा, त्याने हिशेब बदलतो. पाळी जाताना येतात ते गरम वाफारे अजून छळत असतील तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं, हाडांचाही फायदा होतो. तिला सुचवलेलं इंजेक्शन बहुधा डेनोसुमॅब असावं. औषध उत्तम आहे, पण ते हाडात मुरत नाही. सहा महिन्यांचा डोस चुकला की दाबून धरलेलं खोदकाम एकदम उसळतं, आणि काही जणींचे एकापाठोपाठ दोन-तीन मणके दबतात. ते थांबवायचं तर जागी दुसरं औषध द्यावं लागतं. तिने अजून पहिला डोस घेतला नसेल तर थांबून दुसरं मत घ्यावं. घेतला असेल तर मात्र हे वाचून पुढचा डोस चुकवू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. त्या बाबतीत मला तारीख कळवा, कधी घेतला ती.